एक डोंगर सोडून

समुद्राच्या तळाशी खडक आहे हे सांगायला फार अक्कल लागत नाही. जहाज आपटलं की सगळ्यांनाच कळतं. पण खडक नाही हे सांगायचं, त्यावर सही ठोकायची, आणि मग त्या सहीच्या भरवशावर दगडांनी भरलेली जहाजं तिथून ये-जा करणार! मी जन्मभर तेच केलं. इथे दुबईजवळ अजमानला आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना अजून वाटतं की दाऊदभाई मासेमारीच्या लाँचवर होते. वाटू दे.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई पुण्याच्या. फोनवर म्हणाल्या, "नोकरीबद्दल लिहा, पण जन्म, शाळा, पहिली नोकरी असं नको. लोक पान उलटतात." म्हटलं, बाई, माझी शाळा लिहिण्याइतकी नव्हतीच. तेव्हा सरळ समुद्रातच उतरतो.

आमचं काम सर्व्हेचं. लाँचच्या पोटाखाली एक यंत्र असतं. ते खाली आवाज सोडतं, आवाज तळावर आपटून परत येतो, आणि किती वेळात परत आला त्यावरून खोली कळते. ती खोली पडद्यावर रंगांत दिसते. खोल पाणी निळं, उथळ होत गेलं की हिरवं, पिवळं आणि शेवटी लाल. लाँच सरळ रेषेत न्यायची, वळवायची आणि पहिल्या रेषेला खेटून परत आणायची. गावी बायका अंगण सारवताना पट्ट्याला पट्टा लावत जातात ना, अगदी तसं. यंत्र बघायचा सर्व्हेअर, लाँच हाकायचो मी. माझी रेष वाकडी गेली तर मधे फट राहते, आणि नेमका खडक त्या फटीतच बसलेला असतो. खडकांना तेवढी अक्कल असते.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग! एक साहेब बायकोशी भांडून लग्नाची अंगठी भर समुद्रात फेकून आले होते आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन आमच्या ऑफिसात बसले. मी त्यांना समजावलं, "हबीबी, ह्या यंत्राला बुडालेली बस दिसते, अंगठी नाही दिसत. तुम्ही नवीन घ्या आणि तीच आहे म्हणून सांगा." गेले बिचारे. एका हॉटेलच्या किनाऱ्यासमोर पडद्यावर चौकोनी आकार दिसायला लागले, सगळे घाबरले, की बाबा हे काय बॉम्ब-बिम्ब? पाणबुड्या खाली गेला तर कुठल्याशा गलबतावरून पडलेला अख्खा सोफासेट. सेंटर टेबलासकट! पण हे सगळं फुटकळ. मला सांगायचं आहे ते फ्रेंच मामूबद्दल.

मामू म्हणजे कप्तान ब्रेसाक. फ्रान्सच्या राजाच्या आरमारातला, राजे होते त्या काळातला. माणूस कधीचा मातीत गेलेला, पण त्याने माझ्या अंगावर जो काटा आणला तो जिवंत माणसाने आणला नाही.

झालं असं. रास अल खैमाच्या उत्तरेला डोंगर एकदम समुद्रापाशी येतात. तिथल्या खाणींचा दगड जहाजांत भरून जातो. त्या जहाजांसाठी नवा रस्ता आखायचा होता आणि त्याचा सर्व्हे आमच्याकडे आला. आमचा सर्व्हेअर होता मंदार. पुण्याचा, माझ्या मुलाएवढा, मला 'अहो दाऊदभाई' म्हणायचा. रेष जरा हलली की मात्र "काय हो हे!" त्याने नकाशा पसरला आणि रस्त्याच्या बरोबर मधे बोट ठेवलं. तिथे बारीक ठिपक्यांचं एक वर्तुळ होतं आणि शेजारी लिहिलेलं : ब्रेसाकचा खडक, अस्तित्व संशयास्पद.

आमच्या धंद्यात ही रीत आहे. कुणी एकदा खडक आहे म्हणालं की तो नकाशावरून सहजासहजी पुसत नाहीत, न जाणो असलाच तर! नुसतं 'संशयास्पद' लिहून ठेवतात. माणसाच्या नावापुढे असं लिहिलं तर तो कोर्टात जाईल.

"आपण तिथे सगळं झाडून बघायचं," मंदार म्हणाला. "नसला तर खलास, कायमचा पुसायचा. आणि हो, ऑफिसने एका गेस्टला परमिशन दिली आहे. कप्तानाच्या घराण्यातल्या आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर मादाम सोलांज हजर. सत्तरी कधीच ओलांडलेली, मूठभर बाई, पांढरे आखूड केस, कॅनव्हासचे बूट, आणि स्वतःचं लाइफ जॅकेट फ्रान्सहून घेऊन आलेली! जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. मी हात द्यायला पुढे झालो तर माझ्या आधी टुणकन उडी मारून लाँचवर. मी मनात म्हटलं, ही बाई आपल्यातली.

रेषा मारताना लाँचवर बोलण्याशिवाय काही करता येत नाही. मादाम इंग्रजीत सांगत होत्या आणि मी सुकाणू धरून कान टवकारून ऐकत होतो. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावात मामू जन्मला. आरमारात गेला आणि कप्तान झाला. पहिल्या सफरीत तो दक्षिणेला बर्फात घुसला. त्या काळी लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सडायच्या, दात पडायचे, माणसं मरायची. ह्याने सगळ्यांना सक्तीने कांदे खायला लावले आणि एकही माणूस त्या रोगाने गमावला नाही. "कांदा!" मी ओरडलोच. "मादाम, तुमचा कप्तान आमच्याकडचा हो!"

"तुमच्याकडे आला होताच," त्या म्हणाल्या आणि फोन पुढे केला.

दुसऱ्या सफरीत मामू आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानच्या किनाऱ्याने वर गेला होता. जाता जाता किनाऱ्याची चित्रं काढत गेला. फोनवर त्यातली एक लांबट पट्टी होती. मी बघितलं आणि मंदारला हाक मारून सुकाणू त्याच्या हातात दिलं. खाडीचं तोंड, डाव्या अंगाला झुकलेला कडा, कड्याच्या कुशीत पीराची जागा. माझं गाव! रत्नागिरीकडचं माझं गाव, जिथे मी पोहायला शिकलो! तो कडा खालून दुभंगलेला आहे, हे गावाबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. मामूने तीसुद्धा रेघ काढली होती. त्या क्षणापासून तो माझा मामू झाला. संध्याकाळी मी ते चित्र पोरीला पाठवलं. तिचं उत्तर, "नाइस, अब्बा. सो व्हॉट?" जाऊ दे.

तिसऱ्या सफरीत मामू इथे आला, ह्याच पाण्यात. बरोबर इथल्याच गावचा एक वाटाड्या होता. जहाज खडकावर बसलं आणि फाटलं. गावातल्या होड्या धावल्या, एकूण एक माणूस उतरवला. गावाने त्यांना कित्येक आठवडे घरात ठेवून मासे खाऊ घातले. मग एका व्यापारी गलबतावरून मंडळी परत गेली आणि मामूवर खटला भरला. खडक कुठे आहे, विचारलं. त्याने खुणा सांगितल्या. आरमाराने जहाज पाठवून शोधलं, खडक काही मिळाला नाही. न्यायाधीश म्हणाले, खडक-बिडक काही नाही, तू झोपला होतास. वाटाड्यावर ढकल, तुला सोडतो. हा म्हणाला, त्या माणसाने माझी सगळी माणसं जिवंत काढली, मी त्याचं नाव घेणार नाही. झालं. तलवार काढून घेतली. गावी परत जाऊन जाळी विणत मेला.

"आमच्या गावात अजून कुणी थाप मारली की म्हणतात, हा ब्रेसाकचा खडक," मादाम म्हणाल्या. "शाळेत मला पोरं हेच चिडवायची. घराण्यात आता मी शेवटची. तुम्ही तो पुसलात की माझ्यानंतर विचारणारंही कुणी नाही."

एवढं ऐकल्यावर माणूस स्वस्थ बसेल? मी अशा सरळ रेषा मारल्या की मंदारला 'काय हो हे' म्हणायला जागा ठेवली नाही. मामूच्या खुणा मादामना पाठ होत्या. किनाऱ्यावरचा जुना बुरूज डोंगरातल्या खिंडीच्या बरोबर खाली आला आणि उत्तरेचा कडा पुढच्या सुळक्याआड झाकला गेला, की तिथेच. दोन खुणा जुळल्या की समुद्रात जागा पक्की होते, जगभर दर्यावर्दी हेच करतात. आम्ही तिथे गेलो. पडदा निळा. अलीकडे निळा, पलीकडे निळा. सपाट वाळू, चादर अंथरल्यासारखी.

"फ्लॅट आहे, मॅडम," मंदार हळूच म्हणाला. वर शमालचा इशारा आला होता. शमाल म्हणजे इथला वायव्येचा वारा. तो सुटला की छोट्या लाँचने बंदरातच बसायचं. उद्या दुपारपर्यंतची मुदत, मग काम गुंडाळून रिपोर्ट द्यायचा. माझा जीव नुसता कासावीस झाला.

पाणी भरायला गावच्या धक्क्याला लागलो. तिथे अबू सैफ जाळी पसरून बसला होता. हा तिथला जुना मच्छीमार, हमूर पकडण्यात उस्ताद. हमूर म्हणजे आपल्याकडचा हेकरू, खडकाच्या कपारीत राहणारा मासा. अबू सैफला हिंदी छान येते. मी सलाम केला आणि विचारलं, "अबू सैफ, इधर कोई पत्थर है पानी में?"

"है ना!" तो लगेच म्हणाला. "बुरूज खिंडीखाली घे, उत्तरेचा कडा सुळक्यामागे टाक. तिथेच."

मी सांगितल्यावर मादामनी टाळ्याच वाजवल्या. शब्दन् शब्द तोच! मंदार डोकं खाजवत म्हणाला, "अहो, पण तिथे आपण पट्टा न् पट्टा बघितलाय." लाँचवर परत आलो तरी मला काहीतरी टोचत होतं. हमूर पकडणारा माणूस आपला खडक असा विचारल्याबरोबर सांगतो? कधीच नाही!

आमच्या गावी मासळीचा खडक ही घराची इस्टेट. कुणी विचारलंच तर नाही म्हणायचं नसतं, ते उद्धटपणाचं दिसतं. गोड हसून सांगायचं, पण एक डोंगर सोडून, म्हणजे खुणेत खऱ्या डोंगराऐवजी त्याच्या शेजारचा धरायचा. आणि थाप सगळ्या गावाची एकच असते, नाहीतर दुसऱ्याने दुसरं काही सांगितलं की फजिती. बाप पोराला खरी खूण शिकवतो आणि बरोबरच पाहुण्यांना सांगायचीही शिकवतो. माझ्या अब्बांनी सख्ख्या जावयाला एक डोंगर सोडून सांगितलं होतं. त्याला लेक दिली, पण खूण नाही दिली.

म्हणजे ही पाहुण्यांची खूण! मामूच्या वेळेपासून चालत आलेली! पण खरी जागा कुठल्या बाजूला, डावीकडे की उजवीकडे? त्या खुणांपासून दोन्ही बाजूंना मैल मैल पाणी, आणि दुपारी वारा येणार.

सकाळी उत्तरेकडून कामाच्या जागी जात होतो. समोर लांब एक होडी नांगरलेली, गळ टाकून. अबू सैफ! त्याने आमची लाँच बघितली. घाई नाही, गडबड नाही, शांतपणे नांगर ओढला, इंजिन सुरू केलं, आणि एक डोंगर दक्षिणेला, बुरूज-खिंडीच्या खुणेवर जाऊन, काल आम्हाला सपाट वाळू दिसली तिथे गळ टाकून बसला. वर हात हलवून आम्हाला सलाम!

मी एवढ्या जोरात हसलो की मंदार केबिनमधून बाहेर आला. "अरे, माझे अब्बा हेच करायचे! दुसरी होडी दिसली की उठायचं आणि रिकाम्या पाण्यावर जाऊन बसायचं! मंदार, तो उठला ना, तिथे चल!"

"दाऊदभाई, ते आपल्या हद्दीबाहेर आहे."

"उद्या दगडाची जहाजं कोपरा कापून हद्दीबाहेरूनच जाणार आहेत."

त्याने घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं, मादामकडे बघितलं. "एक रेष. फक्त एक."

"यल्ला!" म्हणून मी लाँच अशी फिरवली की किटलीतला चहा सांडला. रेष मारली. निळा. सगळा निळा. मंदारने मान हलवली. आता लाँच वळवायला तर लागणारच ना? मी वळण जरा ऐसपैस घेतलं, दुसऱ्या रेषेइतकं ऐसपैस. मंदारला कळलं, पण त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. आणि निळ्याच्या कडेला हिरवं आलं. हिरव्यात पिवळं. "हळू, हळू, हळू!" मंदार ओरडायला लागला. "अहो, वर येतोय, वर येतोय, लाल! दाऊदभाई, लाल!"

मी इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि केबिनमध्ये घुसलो. वाळूतून सरळ उभा सुळका, डोकं पाण्याच्या जेमतेम खाली, राजाचंच काय, कुणाचंही जहाज फाडेल असा. मंदार अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी बडबडत होता. मी मादामचे दोन्ही हात धरून नाचलो, माझ्या वयाला शोभत नाही तरी नाचलो! त्यांनी पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

सुळक्याची चारी बाजूंनी मोजणी होईपर्यंत वारा वाढला. परतताना त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला कसं कळलं? आणि कप्तानाची खूण चुकली कशी?"

आता आली का पंचाईत! ह्या बाईच्या घरी त्या वाटाड्यासाठी दरवर्षी मेणबत्ती लावतात, असं त्या आदल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. कप्तान गोंधळला असेल, असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण मग दोष परत मामूच्याच माथी. मी मान खाली घालून खरं ते सांगितलं. एक डोंगर सोडून सांगायची रीत, अबू सैफची होडी, माझे अब्बा, सगळं. म्हटलं, "मादाम, माफ करा. वाटाड्याने त्याला पाहुण्यांची खूण सांगितली असणार. आमच्यासारख्यांनीच तुमच्या कप्तानाला फसवलं."

बाईंनी फोन काढला, माझ्या गावचं चित्र उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. दुभंगलेल्या कड्याची ती बारीक रेघ.

"जाता जाता ज्याला ही रेघ दिसली," त्या म्हणाल्या, "तो स्वतःचं जहाज फुटलं ती जागा एक डोंगर चुकेल?"

त्या एकदम घाईघाईने बोलायला लागल्या. कप्तानाने कोर्टात खुणा सांगून पुढे एक वाक्य जोडलं होतं, की ह्या जागेपासून चहूबाजूंनी एक लीग दूर राहा. लीग म्हणजे साधारण तीन मैल. न्यायाधीश त्याला हसले होते, एवढ्याशा खडकासाठी तीन मैल? म्हणजे हा भित्रा. "पण तीन मैलांत खरी जागा येते!" मादाम ओरडल्या. "जहाजं वाचतील आणि खडक मिळणार नाही! त्या गावाने त्याच्या माणसांना त्या खडकावरचे मासे खाऊ घातले होते. त्याला खरी खूण माहीत होती. माहीत होती, आणि त्याने सांगितली नाही!"

मेलेल्या माणसाच्या मनातलं कोण शपथेवर सांगणार? पण मला विचाराल तर बाईंचं शंभर टक्के बरोबर होतं. वाटाड्याने मामूला फसवलं नव्हतं. मामूनेच राजाच्या कोर्टात उभं राहून एक डोंगर सोडून सांगितलं होतं. तलवार दिली, अब्रू दिली, पण खूण नाही दिली.

धक्क्याला लागलो तर अबू सैफ आमच्या आधी पोचलेला. तोंड पाडून बसला होता. सगळं त्याला दिसलं होतं. "खलास," तो मला म्हणाला. "आता नकाशात जाणार. दुबईचे सगळे गळाचे शौकीन शुक्रवारच्या सुट्टीत माझ्या खडकावर." मी त्याला मामूची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मादाम शेजारी उभ्या होत्या, गुन्हेगारासारख्या. म्हणाल्या, "ह्यांना सांगा, कप्तानाने राखलं ते मी घालवलं."

अबू सैफने छातीवर हात ठेवला. म्हणाला, "हिला सांग, जहाजं आता मोठी झाली. कप्तानाचं नाव नकाशात यायलाच हवं होतं. तो आमचा माणूस होता." मग तो उठला, त्यांना बाजूला घेऊन गेला आणि पाठमोरा होऊन वाळूत बोटाने काहीतरी काढायला लागला. एकदा बुरजाकडे बोट, एकदा डोंगराकडे. मी पुढे सरकलो तर माझ्याकडे बघून पायाने सगळं पुसून टाकलं. खोल पाण्यात त्याचा आणखी एक खडक होता तर! इतका खोल असणार की जहाजांना त्याचा त्रास नाही. इतकी वर्षं माझ्याबरोबर खजूर खाल्ले, काहवा प्यायला, पण कधी नाव काढलं नव्हतं. आणि ह्या परक्या बाईला पहिल्या भेटीत?

नवा नकाशा आला. त्यावर 'ब्रेसाकचा खडक' आहे, खोली आहे, आणि 'संशयास्पद' हा शब्द नाही. मादामनी त्याची प्रत गावच्या शाळेत लावल्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, पोरं थापेला अजून ब्रेसाकचा खडकच म्हणतात, सवय कुठे जाते!

त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. बॅग उतरवताना राहवेना. म्हटलं, "मादाम, मी रिटायर होणार आता, शुक्रवारी एकटाच गळ टाकून बसेन. अबू सैफने काय सांगितलं तेवढं सांगा ना." बाईंनी जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. गोड हसल्या, माझ्या हातावर हात ठेवला आणि दोन्ही खुणा नीट समजावून सांगितल्या. मी दोनदा म्हणून पाठ केल्या.

त्या शुक्रवारी मी छोटी होडी घेऊन गेलो. बुरूज जुळवला, कडा जुळवला, नांगर टाकला. सकाळ गेली, दुपार गेली. हमूर सोडा, एक शिंगाळासुद्धा लागला नाही. लांबवर अबू सैफ आपल्या होडीत बसून माझ्याकडे बघून हात हलवत होता. मीही हलवला. बाईंनी मला एक डोंगर सोडून सांगितलं होतं.